बुडालेल्या विमानावर आधी राहायला कोण येतं?

'एमएच ३७० (२०१४ मध्ये बेपत्ता झालेलं मलेशियाचं प्रवासी विमान) सापडलं' असं लिहून समुद्राच्या तळाशी बसलेल्या विमानाचे फोटो फिरत असतात, त्यातले काही जॉर्डनमधल्या अकाबाचे आहेत. ते विमान लॉकहीड ट्रायस्टार, त्याचं तिसरं इंजिन शेपटीत असतं. एमएच ३७० म्हणजे बोईंग ७७७, त्याला इंजिनं दोनच. आणि अकाबाचं विमान पडलेलं नाहीये, २०१९ मध्ये ते मुद्दाम बुडवलंय, स्कूबा करणाऱ्यांसाठी आणि प्रवाळांना जागा मिळावी म्हणून. एमएच ३७० मध्ये २३९ माणसं होती, त्यांच्या घरच्यांचा विचार करून तरी असले फॉरवर्ड थांबवा.

आता खरी मजा. विमान १५ ते २८ मीटर खोलीवर बसलंय, पण तिथे पहिले येतात ते मासे नव्हे, बॅक्टेरिया. पाण्यातले सेंद्रिय रेणू काही मिनिटांत पत्र्याला चिकटतात, मग काही तासांत बॅक्टेरिया येऊन स्वतःभोवती चिकट द्रव सोडतात, याला बायोफिल्म म्हणतात, आपल्या पाण्याच्या टाकीत आतून हाताला लागते तीच बुळबुळ. त्यावर डायटम नावाची सूक्ष्म शैवालं येतात आणि मग बार्नेकलची (खडकांना, जहाजांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्याची) अळी, सायप्रिड, जेमतेम अर्धा-एक मिलिमीटरची. ही काही खात नाही, साठवलेली ताकद संपायच्या आत तिला जागा शोधायची असते, म्हणून ती दोन स्पर्शिकांवर अक्षरशः चालत पत्रा चाचपते, चालताना प्रथिनांचे ठसे सोडते, ते दुसऱ्या सायप्रिडना कळतात आणि त्याही तिथेच येतात. जागा पटली की डोक्याकडून सिमेंट सोडून कायमची चिकटते आणि पुढे आयुष्यभर पाय हलवून अन्न ओढते. तिच्या कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे ऑक्सिजनच्याच हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) ते वाढताना पाण्याचं तापमान किती होतं हेसुद्धा काढता येतं. २०१५ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर खऱ्या एमएच ३७० चा पंखाचा भाग मिळाला, त्यावरच्या बार्नेकलचा अभ्यास याचसाठी झाला.

प्रवाळाची अळी त्याहून चोखंदळ. तिला गुलाबी, चुनखडी जमवणारी शैवालं आणि त्यांच्यावरचे बॅक्टेरिया यांचा रासायनिक इशारा लागतो, नुसता पत्रा चालत नाही.

त्यामुळे 'विमान बुडवलं की रीफ, म्हणजे प्रवाळांची वसाहत, तयार' हा प्रचार मला पटत नाही. अकाबालाच १९८५ मध्ये बुडवलेलं सीडर प्राइड जहाज आज प्रवाळांनी भरलंय, पण त्याला विमानापेक्षा ३४ वर्षं जास्त मिळालीत. शिवाय विमानाभोवती दिसणारे मासे तिथे नव्याने वाढले की शेजारच्या रीफवरून आले, हे दोन्हीकडचे मासे वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय कळत नाही.