‘लायसन्स आहे म्हणजे 3,500 किलो ओढता येतं’ हा गैरसमज

ब्रिटनमध्ये 16 डिसेंबर 2021 पासून साध्या कार लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायला परवानगी मिळाली. तेव्हापासून ‘रेस कारचा कुठलाही ट्रेलर आता कायदेशीर’ असं सांगितलं जातं. ते चूक आहे. ती मर्यादा चालकाची, गाडीची वेगळी.

गाडीच्या व्हीआयएन प्लेटवरचे (गाडीचा ओळख क्रमांक असलेल्या पट्टीवरचे) वजनाचे पहिले दोन आकडे बघा: भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि ट्रेलरसकट एकूण कमाल वजन. समजा 2,200 आणि 4,000. गाडी पूर्ण भरली तर ट्रेलरला उरतात 1,800 किलो. रेस कार 1,000, ट्रेलर 700, टायर-जॅक-हत्यारं 250: झाले 1,950! लोक चुकतात ते इथेच, सामान मोजतच नाहीत. हँडबुकमधली टोइंग मर्यादा याहून कमी असेल तर तीच धरा.

अशा गाडीमागे ट्रेलर 7 मीटर लांब (पुढचा दांडा सोडून) आणि 2.55 मीटर रुंद चालतो.

टोबॉलवर (गाडीमागचा गोळा, ज्याला ट्रेलर जोडतात) ट्रेलरच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के भार हवा, पण टोबॉलच्या मर्यादेत. रेस कार मागे सरकवून हा भार घटवलात तर ट्रेलर वेगात झोकांड्या खातो. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. वेग वाढवू नका.