रेषीय बीजगणित अवघड कुठे होते?

विद्यापीठातील रेषीय बीजगणिताच्या अभ्यासक्रमाचे पहिले काही आठवडे फसवे असतात. शाळेत दोन चलांची एकसामयिक समीकरणे सोडवून झालेली असतात. आता चले वाढतात, सहगुणक मॅट्रिक्समध्ये मांडले जातात आणि एका ओळीची योग्य पट दुसऱ्या ओळीतून वजा करत उत्तर काढायचे असते. ही रीत गाउसच्या नावाने ओळखली जात असली, तरी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी गणितग्रंथात ती वापरलेली आढळते. हिशेब लांबतो, पण अडत नाही. मग ‘सदिश अवकाश’, ‘रेषीय अवलंबित्व’, ‘आधार’ अशा व्याख्या एकामागून एक येतात, प्रश्नांत ‘सोडवा’च्या जागी ‘सिद्ध करा’ दिसू लागते आणि तोवर निर्धास्त असलेला विद्यार्थी गांगरतो.

याचा दोष सहसा व्याख्यांच्या अमूर्तपणाला दिला जातो. माझ्या मते खरी अडचण त्याआधीच निर्माण झालेली असते: मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचे कोष्टक, अशी समजूत सुरुवातीलाच पक्की होते. प्रत्यक्षात मॅट्रिक्स ही एक क्रिया आहे; ती एक सदिश (प्रतलात, आरंभबिंदूपासून एखाद्या बिंदूपर्यंतचा बाण) घेते आणि दुसरा देते. रेषीय क्रिया बेरीज आणि पट दोन्ही जपते, म्हणून प्रतलातील (१, ०) आणि (०, १) हे दोन सदिश कुठे जाऊन पडतात एवढे कळले, की उरलेल्या सर्व सदिशांचे काय होणार हे आपोआप ठरते. मॅट्रिक्सचे दोन स्तंभ म्हणजे याच दोन सदिशांची नवी स्थाने होत.

असे पाहिले, की ओळ आणि स्तंभ यांच्या गुणाकाराचा तो विचित्र नियमही मनमानी वाटत नाही. एका क्रियेनंतर दुसरी केली असता जी एकत्रित क्रिया घडते, तिचे स्तंभ शोधू लागले की नेमका तोच नियम हाती येतो. गुणाकारात क्रम का बदलता येत नाही, हेही यातूनच उलगडते. प्रतल डावीकडे ९०° फिरवून मग क्ष-अक्षात परावर्तित केले, तर (१, ०) हा सदिश (०, −१) येथे पोहोचतो. आधी परावर्तन आणि मग परिभ्रमण केले, तर तो (०, १) येथे जातो.

निश्चयकाचा, म्हणजे चौरस मॅट्रिक्सच्या आकड्यांवरून सूत्राने काढल्या जाणाऱ्या एका संख्येचा, अर्थही मग सूत्राबाहेर सापडतो. प्रतलात तो क्षेत्रफळ किती पट झाले हे सांगतो, आणि तो शून्य असेल तर सारे प्रतल एका रेषेवर किंवा बिंदूवर कोसळलेले असते, त्यामुळे उलट वाट उरत नाही. गणिती क्रेमरने १७५० मध्ये मांडलेला, निश्चयकांनी समीकरणे सोडवण्याचा नियम दिसायला देखणा आहे, मोठ्या हिशेबाला मात्र निरुपयोगी. २० ओळींच्या निश्चयकाचा पूर्ण विस्तार केला, तर त्यात १ ते २० या संख्यांच्या गुणाकाराइतकी पदे येतात, आणि सेकंदाला १०० कोटी पदे हाताळणाऱ्या संगणकालाही त्यांसाठी सुमारे ७७ वर्षे लागतील. ओळी वजा करण्याच्या रीतीने तोच निश्चयक साधारण २,७०० गुणाकार-भागाकारांत निघतो.

आता अमूर्त अवकाशांकडे वळू. ज्यांची कोटी २ पेक्षा जास्त नाही अशा बहुपदी घ्या. त्यांची बेरीज करता येते, त्यांना संख्येने गुणता येते, म्हणून त्याही सदिशच. अशी प्रत्येक बहुपदी १, क्ष आणि क्ष² यांच्या पटींच्या बेरजेने एकाच प्रकारे मिळते, म्हणून हे तिघे त्यांचा आधार, आणि आधारातील सदिशांची संख्या म्हणजे मिती ३. अवकलन ही या अवकाशावरील रेषीय क्रिया आहे: ती १ ला ० वर, क्ष ला १ वर आणि क्ष² ला २क्ष वर नेते. म्हणजे कलनशास्त्रातील क्रिया तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये मावते! स्थिर बहुपदी शून्यावर जातात, म्हणजे एक मिती हरवते आणि उत्तरांचा अवकाश दोन मितींचा उरतो. हरवलेल्या आणि उरलेल्या मितींची बेरीज मूळ मितीइतकीच असते, हे या विषयातील एक मध्यवर्ती प्रमेय. समाकलन करताना शेवटी जोडावा लागणारा स्थिरांक हा त्या हरवलेल्या मितीचाच हिशेब असतो. गणिती पेआनोने १८८८ मध्ये सदिश अवकाशाची व्याख्या गृहीतकांच्या रूपात मांडली, तिचे सामर्थ्य अशा उदाहरणांत दिसते. ती पाठ करण्यापूर्वी दोन-तीन उदाहरणे स्वतः तपासलेली बरी.

अभ्यासक्रमाच्या उत्तरार्धात आयगेनसदिश येतात, म्हणजे क्रियेनंतर जे केवळ स्वतःच्या पटीत बदलतात असे शून्येतर सदिश. गूगलचे संस्थापक सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत इंटरनेटवरील वेबपानांचे महत्त्व एका अवाढव्य मॅट्रिक्सच्या आयगेनसदिशावरूनच ठरते. बहुपदींवरील अवकलनाला मात्र स्थिर बहुपदींखेरीज असा सदिश मिळत नाही. अवकाश वाढवून त्यात घातांकी फलने घेतली, की चित्र पालटते, कारण त्यांचा अवकलज त्यांच्याच पटीत असतो. स्थिर सहगुणकांची अवकल समीकरणे सोडवताना पहिला अंदाज म्हणून घातांकी फलन घेतात, ते याच कारणाने.