मेहर

मेहर : निकाहाच्या करारानुसार नवऱ्याने बायकोला द्यायची, केवळ तिच्या मालकीची रक्कम किंवा वस्तू. त्यावर तिच्या माहेरचा हक्क नसतो, सासरचाही नसतो. हुंड्याशी त्याचा संबंध नाही. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंड्याच्या व्याख्येतून मेहर वगळला आहे. तरीही भारतातल्या कित्येक मुस्लिम घरांत मुलीकडून भरघोस घेतले जाते आणि तिला मेहर मात्र नावापुरता बांधला जातो.

मेहर रोख रक्कम, सोने, चांदी, घर, जमीन अशा कोणत्याही मोल असलेल्या रूपात देता येतो. कमाल मर्यादा नाही. इस्लामी कायद्याच्या हनफी मताप्रमाणे किमान मेहर 10 दिरहम, म्हणजे सुमारे 30.6 ग्रॅम चांदी. शाफई या दुसऱ्या मतात किमान मर्यादाच नाही. कोकणी मुसलमान बहुसंख्येने शाफई असल्याने रत्नागिरी-रायगडकडे आणि देशावरच्या हनफी घरांत हा फरक आढळतो. शाफई निकाहाला मुलीच्या वलीची, म्हणजे बाप किंवा तशा पालकाची, संमती लागते. हनफी मतात सज्ञान स्त्री स्वतः करार करू शकते.

निकाहाच्या वेळी मुलीचा वकील (तिच्या वतीने बोलणारा, बहुधा नात्यातला माणूस) दोन साक्षीदारांसह तिच्याकडे जातो, मुलाचे नाव आणि मेहरची रक्कम सांगून तिची कबुली घेतो. मग काजी खुतबा (निकाहाचे प्रवचन) पढतात आणि तीच रक्कम उच्चारून मुलाकडून कबूल करवून घेतात. आत सांगितलेला आणि मजलिसीत उच्चारलेला आकडा वेगळा निघाला, तर पुढे वाद होतो. म्हणून निकाहनाम्यावर मुलीची सही घेण्याआधी आकडा अंकांत आणि अक्षरांत लिहिलेला असावा. मेहर ठरवायचा राहिला तरी निकाह होतो. अशा वेळी मुलीच्या बापाकडच्या बायकांना, म्हणजे बहीण-आत्यांना, मिळालेल्या मेहरवरून अंदाज बांधतात. याला मेहर-ए-मिस्ल म्हणतात. रक्कम ठरलेली असून सहवासापूर्वीच तलाक झाला, तर निम्मा मेहर देय होतो.

मेहरचे दोन भाग करता येतात : मागताक्षणी देय असलेला मुअज्जल, आणि तलाक किंवा मृत्यूनंतर अथवा ठरलेल्या मुदतीला देय होणारा मुवज्जल. उर्दूत यांची अक्षरे वेगळी असली तरी कानाला ते जवळपास सारखेच, आणि देवनागरीत लिहिताना हमखास गल्लत होते. त्यापेक्षा निकाहनाम्यात सरळ ‘नगद’ आणि ‘उधार’ लिहून पुढे रकमा घालाव्यात. नगद दिला असल्यास ‘अदा’ असा शेरा आणि तारीख हवी. रकाना कोरा सोडू नये.

उधार मेहरचा खरा शत्रू म्हणजे महागाई. रुपयांत बांधलेला मेहर वीस-तीस वर्षांनी हातात पडतो तेव्हा त्याचे काहीच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या 1979 च्या बाई ताहिरा खटल्यात मेहर 5000 रुपये होता, इद्दतीचे, म्हणजे तलाकनंतर पुन्हा लग्न करण्यापूर्वी थांबायच्या काळातल्या खर्चाचे, पैसे 180 रुपये. एवढ्यावर नवऱ्याची पोटगीतून सुटका होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. शाहबानो खटल्यात (1985) नवऱ्याने मेहर म्हणून 3000 रुपये कोर्टात भरले होते. तिथे न्यायालयाने आणखी पुढे जाऊन मेहर म्हणजे तलाकबद्दलचा मोबदला नव्हे, असे स्पष्ट केले. मेहर आणि पोटगी ही दोन वेगळी देणी आहेत.

यावर उपाय म्हणून मेहर वजनात बांधतात. त्यात ‘मेहर-ए-फातिमी’ सर्वांत रूढ : 500 दिरहम, म्हणजे भारतातल्या प्रचलित हिशेबाने 131 तोळे 3 मासे चांदी (12 मासे म्हणजे एक तोळा). हा तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा, त्यामुळे चांदी 1530.9 ग्रॅम भरते. आजचा सराफ 10 ग्रॅमचा तोळा धरतो. त्याच्या तोळ्याने मोजले की 1312.5 ग्रॅमच होतात आणि बायकोचे 218 ग्रॅम बुडतात. दिरहमचे वजन थोडे कमी धरणाऱ्या गणितात 1487.5 ग्रॅम येतात. नुसते ‘मेहर-ए-फातिमी’ लिहून भागत नाही. ग्रॅम लिहावेत, आणि ‘अदा करण्याच्या दिवसाच्या भावाने’ असेही जोडावे.

न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज असते. तो वारला तर दफनाचा खर्च भागवून, वारसांत वाटणी होण्यापूर्वी, इतर कर्जांबरोबर मेहर फेडावा लागतो. मिळकतीचा ताबा विधवेकडे रीतसर आलेला असेल, तर मेहर मिळेपर्यंत तो सोडण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही; मात्र ती मिळकत तिच्या मालकीची होत नाही. काही ठिकाणी मयताजवळ बसवून बायकोकडून मेहर माफ करवून घेतात. माफी स्वखुशीने दिलेली असावी लागते, आणि अशा अवस्थेत घेतलेली माफी कोर्टात टिकणे कठीण. पहिल्या रात्री भिडेखातर वदवून घेतलेल्या माफीचीही हीच गत.

महाराष्ट्रात निकाहनाम्याखेरीज 1998 च्या कायद्याखाली विवाहनोंदणीही करावी लागते. त्यासाठी काजींची आणि तीन साक्षीदारांची सही लागते. इथली नेहमीची अडचण नावांची : निकाहनाम्यात एक, आधार कार्डावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. निकाहनामा उर्दूत असेल तर पुढे भाषांतर करून घ्यावे लागते आणि चुकीचे स्पेलिंग तिथेच शिरते. काजींच्या वहीत लिहून घेतानाच ओळखपत्र समोर ठेवावे, आणि मुलीची प्रत तिच्या स्वतःच्या हाती द्यावी. ती बहुधा सासऱ्याच्या कपाटात जाते.