रोपलेल्या केसांना प्लाझ्माचा हातभार

टकलावर केस रोपण्यासाठी डोक्याच्या मागच्या भागातून केसाचं मूळ काढलं, की त्याचा रक्तपुरवठा तिथेच तुटतो. टकलावरच्या बारीक छिद्रात ते बसवल्यावरही पहिले दोन-तीन दिवस त्याला रक्तवाहिनी मिळालेली नसते. आजूबाजूने झिरपणाऱ्या द्रवावर ते कसंबसं तग धरतं. पीआरपी, म्हणजे प्लेटलेट्स या रक्तातल्या बारीक कणांनी समृद्ध प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग), वापरायचा तो मुख्यतः हा नाजूक काळ निभावून नेण्यासाठी.

प्लेटलेट्स रक्त गोठवतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांच्या आत सूक्ष्म कणिकांमध्ये वाढघटकांचा, म्हणजे पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनांचा, साठाही असतो. जखम झाली की तो बाहेर पडतो. त्यातला व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतो, तर पीडीजीएफ दुरुस्ती करणाऱ्या पेशींना जखमेकडे खेचतो.

पीआरपी बनतं रुग्णाच्याच रक्तातून. रक्त गोठू नये असं द्रव्य घातलेली नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवली, की जड लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि मधे पांढुरका पातळ पापुद्रा दिसतो. प्लेटलेट्सची गर्दी या पापुद्र्याच्या आसपास असते. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण 1.5 ते 4.5 लाख प्लेटलेट्स असतात. पीआरपीत त्या 10 लाखांच्या घरात असाव्यात अशी अपेक्षा असते. हा द्रव टाळूत टोचतात, किंवा काढलेली मुळं रोपण्याआधी त्यात भिजवून ठेवतात.

ब्राझीलचे शल्यविशारद कार्लोस युबेल यांनी 2006 मध्ये 20 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. असल्या द्रवात भिजवलेली मुळं लावलेल्या भागात, न भिजवलेल्या मुळांच्या भागापेक्षा, केसांची घनता सुमारे 15 टक्के जास्त भरली. निकाल आशादायक खरा, पण 20 माणसांवरून छातीठोक दावे करणं मला पटत नाही. शिवाय यंत्राचा वेग, फिरवण्याचा वेळ, पांढऱ्या पेशी ठेवायच्या की काढायच्या, हे सगळं जागोजागी बदलतं. म्हणजे पीआरपी हे नाव एक असलं, तरी सिरिंजमधला माल एकच असेलच असं नाही.

रोपलेले केस काही आठवड्यांत गळतात, तेव्हा पीआरपी घेतलेलेही घाबरतात. ही गळती अपेक्षितच असते. मूळ आत शाबूत राहतं आणि नवा केस तीन-चार महिन्यांनी डोकावू लागतो. प्लेटलेट्स कमी असतील, त्यांच्या कामात दोष असेल किंवा टाळूला संसर्ग असेल, तर पीआरपी टाळलेलं बरं. रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं. आणि मुळं काढताना चिरडली गेली किंवा बाहेर सुकली, तर ती पीआरपीने जगत नाहीत.