पगार, पाळी आणि स्पीकर
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या स्पीकरच्या दुकानात पाऊल टाकताच बहुतेक जण विचारतात, "किती वॅटचं आहे?" आम्ही उलट विचारतो, "नोकरी काय करता? ऐकायला वेळ कधी मिळतो?" काहींना ही चौकशी आगाऊ वाटते. पण किती खर्चायचं ते पगार ठरवतो आणि काय घ्यायचं ते कामाच्या वेळा.

कोयलीच्या रिफायनरीत पाळीवर जाणारे घ्या. रात्रपाळीची सवय लागलेला माणूस सुट्टीच्या दिवशीही रात्री दोनला जागाच असतो. त्याला उंच टॉवर स्पीकर विकणं म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण विकणं. त्याला आम्ही वायरचा चांगला हेडफोन दाखवतो. त्यात कमाई कमी होते, पण तोच माणूस पुढच्या वेळी भावाला घेऊन येतो.

बँकेत किंवा रेल्वेत बदलीची नोकरी असेल तर भिंतीत भोकं पाडायची सिस्टीम नकोच. अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेली छोटी जोडी घ्या आणि तिची खोकी, थर्माकोलसकट, माळ्यावर जपून ठेवा.

आता वॅट. ५० चे १०० वॅट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती मोठा वाजतो) ८७ ऐवजी ९० डेसिबल असली, तर तोच ३ डेसिबलचा फरक त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर मिळतो. खोक्यावर 'पीएमपीओ'चे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारो वॅट छापलेले असतात, ते वाचून सोडून द्या आणि आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, किती ते विचारा.

४०,००० रुपये असतील तर आमच्या मते २५,००० स्पीकरवर घाला. बरा स्पीकर पंधरा वर्षं सहज चालतो, ब्लूटूथचा डबा त्याच्या कितीतरी आधी जुना होतो. नवीन नोकरीवाल्यांनी हप्त्यावर पाच स्पीकर अन् सबवूफर (खर्जाचा स्पीकर) एकदम घेण्यापेक्षा आधी दोन चांगले घ्यावेत. 'बिनव्याजी' हप्ता घेण्याआधी रोखीचा भाव आणि प्रोसेसिंग फी विचारा, व्याज बहुधा तिथेच लपलेलं सापडतं.

ग्रॅच्युइटी हातात आली की काही काका थेट सर्वांत महागाच्या ट्वीटरकडे, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरकडे, वळतात. साठीनंतर अगदी वरचे, बारीक आवाज बहुतेकांच्या कानाला कमीच पोचतात, हे सांगताना आम्हालाही अवघड जातं. त्यातून ऐकायचे असतात बडोदा दरबारचे गायक फैयाज खाँ! त्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनो (डावा-उजवा आवाज वेगळा नसलेल्या), एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांच्या. गळा जिथे असतो तो मधला पट्टा स्वच्छ वाजवणारा एक स्पीकर त्यांना पुरतो.

एक विनंती. घरची सिस्टीम सोसायटीच्या गरब्याला देऊ नका. छोटा अ‍ॅम्प्लिफायर ताणला की आवाज फाटतो आणि त्यात ट्वीटरची कॉइल जळते. दसऱ्यानंतरचा आठवडाभर आमच्या टेबलावर दुसरं काम नसतं.

येताना खोलीची लांबी-रुंदी मापून आणा, पोळातल्या (जुन्या गल्लीबोळांच्या वस्तीतल्या) चिंचोळ्या खोल्यांची तर नक्कीच. रोजची चार गाणीही फोनमध्ये असू द्या. दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं.