नमुना फाईल्समधून उजेड-सावली शिकताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. आमचा व्हेक्टर नमुना फाईल्सचा संच आपण घेतलात, त्याबद्दल मनापासून आभार. संच घेणाऱ्यांमध्ये डीटीपीचं काम करणारे आहेत, फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणारे आहेत, कला महाविद्यालयातले विद्यार्थीही आहेत. कोरल, इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरपैकी काहीतरी आपल्याला चालवता येतं असं आम्ही धरून चाललो आहोत. कुठलं टूल कुठे सापडतं हे या पत्रकात नाही. रेषा स्वच्छ असून, रंग चांगले असून चित्र सपाट का दिसतं, एवढाच इथला विषय आहे.

संचात काय आहे

विषय पाच आहेत: मातीचा माठ, पितळी तांब्या, काचेचा पेला, हापूस आंबा आणि हातात धरलेली पणती. प्रत्येक विषयाच्या तीन फाईल्स आहेत. पहिलीत पूर्ण चित्र. दुसरीत तेच चित्र, पण थर सुटे केलेलं आणि प्रत्येक थराला नाव दिलेलं. तिसरीत नुसती बाह्यरेषा, जी आपण भरायची. सोबत त्या वस्तूचा फोटो आहे, एकाच खिडकीच्या उजेडात काढलेला.

पूर्ण चित्राची फाईल सगळ्यात शेवटी उघडा. आधी फोटो पाहा आणि शक्य असेल तर खरी वस्तू समोर ठेवा. माठ-तांब्या बहुतेकांच्या घरी असतो. खोलीतले सगळे दिवे बंद करा, एका बाजूची एकच खिडकी उघडी ठेवा आणि वस्तू तिच्यापासून हात-दोन हात लांब ठेवा. मग डोळे किलकिले करून बघा. नक्षी, ओरखडे, डाग नाहीसे होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. हे तुकडे म्हणजेच आपल्या चित्रातले आकार. चित्र रंगवणाऱ्याला ब्रश फिरवता फिरवता छटा जुळवता येते. व्हेक्टरमध्ये प्रत्येक छटेला हद्द आखावी लागते. म्हणून हद्द कुठे आहे हे आधी डोळ्यांना दिसायला हवं.

एका पानावर एकच सूर्य

आमच्याकडे तपासायला येणाऱ्या कामांत सगळ्यात जास्त दिसणारा दोष हा: अक्षरांची सावली उजवीकडे, फोटोची डावीकडे आणि मधल्या कलशावरचा चमकता ठिपका बरोबर मधोमध. प्रत्येक वस्तूला टूलने जी सावली आपोआप दिली ती तशीच ठेवली की असं होतं. बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं. काम सुरू करण्याआधी पानाच्या एका कोपऱ्यात, न छापल्या जाणाऱ्या थरावर, उजेडाच्या दिशेचा एक बाण काढून ठेवा. आमच्या प्रत्येक फाईलमध्ये तो आहे. उजेड ४५ अंशांवरून येतो असं धरलं तर सपाट जमिनीवरची सावली वस्तूच्या उंचीइतकीच लांब पडते. हिशेबाला हे सोपं जातं, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

माठ

पाचही विषयांत माठाला सर्वांत जास्त वेळ द्या. माती फारशी चमकत नाही, त्यामुळे उजेडाचं सगळं वागणं तिच्यावर सावकाश वाचता येतं.

नवखा माणूस माठ काढतो तो असा: एक गोल, त्यात गोलाकार ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी छटा), मध्ये फिकट, कडेला गडद. तो माठ दिसत नाही, वेबसाईटवरचं बटण दिसतं. खऱ्या माठाकडे नीट बघा. खिडकीच्या बाजूला उजळ भाग आहे, पण तो कडेपासून थोडा आत आहे. तिथून पुढे मूळ मातीचा रंग, मग मध्यम छटा आणि मग सगळ्यात गडद पट्टा. हा पट्टा माठाच्या पलीकडच्या कडेवर नसतो, कडेच्या अलीकडे असतो. त्याच्या पलीकडे, अगदी कडेला, माठ पुन्हा किंचित उजळतो, कारण जमिनीवर पडलेला उजेड उसळून तिथे पोचतो. जमीन शहाबादी फरशीची असेल तर ही उजळी करडी-निळसर येते. शेणानं सारवलेली असेल तर तिच्यात पिवळट झाक येते. ही कडेची चिंचोळी पट्टी काढली की माठ गोल होतो आणि मागच्या भिंतीपासून सुटून पुढे येतो.

आता दुसरी फाईल उघडा. तळाचा थर म्हणजे एकाच सपाट रंगाचा पूर्ण माठ. त्यावर गडद पट्ट्याचा कोयत्यासारखा वळलेला आकार आणि त्याच्या आत तसाच, पण लहान आणि अधिक गडद आकार. या दोघांमध्ये ब्लेंड दिला आहे, म्हणजे एका आकारातून दुसऱ्यात पायरीपायरीनं जाणारे मधले आकार. छटांमधला फरक थोडा असल्याने पंचवीसेक पायऱ्या पुरल्या, शंभर टाकून फाईल जड करण्यात अर्थ नव्हता. दोन्ही आकारांत नोड्स (रेषेला वळवणारे बिंदू) सारखेच आहेत आणि पहिला नोड दोन्हींत एकाच जागी आहे. हे जुळलं नाही तर ब्लेंड मध्येच पिळवटतो. ब्लेंड बिघडला की रंग बदलत बसू नका, आधी नोड मोजा.

सगळ्यात वरचा थर आहे बुडाशी, जिथे माठ जमिनीला टेकतो. तिथे एक बारीक, जवळजवळ काळी फट आहे. ती झाकून बघा, माठ लगेच हवेत तरंगायला लागेल.

जमिनीवरच्या पडछायेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ड्रॉप शॅडोच्या टूलनं या बाबतीत अनेकांची सवय बिघडवली आहे. खरी पडछाया सगळीकडे सारखी मऊ नसते. शाळेत प्रच्छाया आणि उपच्छाया शिकलो, तेच इथे लागू होतं. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. त्यामुळे उन्हात, सावली पाडणारी कड सावली पडते त्या जागेपासून एक मीटर लांब असेल तर सावलीची किनार सुमारे ९ मिलिमीटर पसरते. तेच अंतर १० सेंटिमीटर असेल तर पसरट भाग एक मिलिमीटरही भरत नाही. खिडकी सूर्यापेक्षा कितीतरी मोठी दिसते, म्हणून घरातली सावली फार लवकर विरते. थोडक्यात, बुडाजवळ सावली धारदार आणि गडद, दूर जाईल तशी मऊ आणि फिकट. आमच्या फाईलमध्ये त्यासाठी दोन आकार आहेत, आतला गडद आणि बाहेरचा पारदर्शक. बुडाजवळ दोघांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या आहेत, टोकाकडे लांब गेल्या आहेत. सावलीचा रंगही काळा नाही, फरशीचाच रंग गडद करून घेतला आहे.

तांब्या

माठावर जे शिकलात ते तांब्याला लावलंत तर तांब्या प्लास्टिकचा दिसेल. घासलेलं पितळ स्वतःचा रंग कमी दाखवतं, आजूबाजूची खोली जास्त दाखवतं. म्हणून इथे मऊ ग्रेडियंट कमी आणि कडक कडांचे पट्टे जास्त. लख्ख पट्ट्याला चिकटून एकदम गडद पट्टा येतो आणि तसाच यावा लागतो. मधली छटा घालून तो मोडू नका.

पोट आणि गळा यांतला फरक मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. तांब्याचं पोट बाहेर फुगलेलं असतं. त्याचा वरचा भाग वर बघतो, म्हणून त्यात छत आणि खिडकीचा उजेड दिसतो. खालचा भाग जमिनीकडे बघतो, म्हणून तो गडद. गळा आत गेलेला. तिथे काठाखालचा भाग खाली बघतो आणि पोटाकडे उतरणारा भाग वर बघतो. त्यामुळे क्रम उलटा होतो: वर गडद, खाली उजळ. पोटाचा ग्रेडियंट कॉपी करून गळ्यावर चिकटवलेला तांब्या कधीच पटत नाही, त्याचं कारण हे.

चमकेचा रंगही तपासा. माठाच्या चकाकीत किंवा आंब्याच्या सालीवर उजेडाचा स्वतःचा रंग येतो, जवळजवळ पांढरा. पितळ, तांबं, सोनं हे धातू परावर्तित उजेडालाही आपला रंग देतात. म्हणून पितळेवर सगळीकडे निव्वळ पांढरं टाकू नका. पांढरा अगदी थोडा, खिडकीच्या थेट प्रतिबिंबापुरता, बाकी फिकट पिवळा.

आपण ओढतो ते बेझिए वक्र मुळात मोटारींच्या बॉडीसाठी वापरात आले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमध्ये पिअर बेझिए यांनी ते गणित स्वतंत्रपणे मांडलं. गाडीच्या बॉनेटवरचं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघितलंत तर पत्र्यातला बारीकसा पोचाही कळतो. तांब्यावरही तसंच आहे. जादा नोडमुळे रेषेत आलेला कोपरा बाह्यरेषेत लपेल, चमकेच्या पट्ट्यात लपणार नाही. म्हणून नोड कमीत कमी ठेवा आणि वक्राच्या टोकाच्या जागी, म्हणजे सगळ्यात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ठेवा.

पेला, आंबा आणि पणती

पेल्यात काचेच्या कडा गडद असतात आणि मध्य मोकळा असतो. सावलीच्या मधोमध उजेडाचा एक लख्ख तुकडा पडतो, तो विसरू नका. आंब्यासाठी मेश, म्हणजे रंग भरायची जाळी, वापरला आहे. त्यात शिकण्यासारखं एकच आहे: जाळीच्या रेषा आंब्याच्या फुगवट्याबरोबर वळवल्या आहेत, उभ्या-आडव्या ठेवलेल्या नाहीत.

पणतीच्या फाईलकडे वळण्याआधी सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र जरूर पाहा. ते मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं तिथे आतून उजळलेली आहेत. कातडीत शिरलेला उजेड लालसर होऊन बाहेर येतो. आमच्या फाईलमध्ये बोटांच्या कडांना म्हणूनच पांढरं न मिसळता तांबूस-नारिंगी रंग अधिक तेज केला आहे.

फाईल कशी वाचावी

व्ह्यू मेन्यूतून वायरफ्रेम किंवा आऊटलाइन लावा. रंग गेले की बांधणी दिसते. मग परत रंगात या आणि वरून एकेक थर लपवत तळापर्यंत जा. प्रत्येक आकारापाशी थांबून एकच प्रश्न विचारा: हा कुठला उजेड किंवा कुठली सावली? उत्तर मिळेना तर तो आकार हटवून बघा. काय बिघडलं हे दिसलं की उत्तर मिळतं. थरांची नावं झाकून हे करता आलं तर फारच उत्तम. त्यानंतर फाईल बंद करा आणि तिसऱ्या फाईलमधली बाह्यरेषा खऱ्या वस्तूकडे बघून भरा. स्क्रीनवर शेजारी आमचं चित्र उघडं ठेवून भरू नका, त्यानं हात चालतो पण नजर तयार होत नाही. फोटोला ऑटो ट्रेस मारणंही, म्हणजे फोटोवरून आकार आपोआप काढून घेणंही, इथे टाळा. ट्रेसला रंगांचे डाग कळतात, माठ कळत नाही.

आमच्या संचाबाहेरचंही पुष्कळ उघडून बघा. इंकस्केप मोफत आहे आणि त्याच्यासोबत उदाहरणांच्या फाईल्स येतात. त्यातला वाघ, जो मुळात घोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या फाईल्स वाचणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत यायचा, अवश्य पाहा. त्यात एकही ग्रेडियंट नाही. सपाट रंगांचे आकार एकात एक ठेवून सगळी छटा साधली आहे. ग्रेडियंटशिवाय एवढं जमतं हे बघितलं की हात आपोआप आवरता होतो. दुसऱ्यांच्या फाईल्स शिकण्यासाठी उघडाव्यात. त्यातले तुकडे ग्राहकाच्या कामात चिकटवायचे असतील तर आधी परवाना वाचावा.

छापताना

पडद्यावरची छटा फ्लेक्सवर फुटते, आणि तिथे मेहनत वाया गेलेली बघवत नाही. आठ बिटांत एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १० फुटांच्या फ्लेक्सवर काळा २० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत नेलात तर वाट्याला जेमतेम ५१ पायऱ्या येतात. १० फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक पायरी जवळजवळ ६० मिलिमीटर रुंद. ती पट्ट्यासारखी दिसणारच. ग्रेडियंट कमी लांबीचा करा, टोकांमधला फरक वाढवा किंवा पार्श्वभूमी बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) करून तिच्यात थोडा नॉइज, म्हणजे बारीक कण, घाला. हळदीच्या पिवळ्यावर नुसत्या काळ्याची सावली हिरवट, मळकट उमटते. तिथे काळा कमी करून मॅजेंटा वाढवा.

तपासणीबद्दल

संचासोबत तपासणी आहे. आपण भरलेली फाईल थर एकत्र न करता पाठवा आणि सोबत वस्तूचा फोटो जोडा. फोटोशिवाय आलेलं काम आम्ही तपासत नाही, कारण उजेड कुठून येत होता हेच आम्हाला कळत नाही. कोरलच्या नव्या आवृत्तीतली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून सीडीआर देताना जुन्या आवृत्तीत सेव्ह करून द्या किंवा जोडीला पीडीएफ द्या. इंकस्केपमधला ब्लर आणि मेश दुसरीकडे बदलून जातो, तेव्हा इंकस्केप वापरणाऱ्यांनी मूळ एसव्हीजीबरोबर पीएनजीही पाठवावी. आधी माठ पाठवा. तो तपासून परत आल्यावर तांब्या सुरू करा.