कोबीवरचा आळ

माझ्या मावशीने सहा वर्षांपूर्वी फ्लॉवर सोडला. पूर्वीची माणसं काशीला जाऊन एखादी आवडती वस्तू सोडून यायची, त्याच निष्ठेने सोडला. त्याच फेरीत कोबी, नवलकोल, मुळा आणि सोयाबीनही गेलं. थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएच नावाचा आकडा वाढून १४ आला होता, आणि भिशीतल्या बायकांपासून ते मोबाइलवर येणाऱ्या फॉरवर्डपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं की थायरॉईडवाल्यांना कोबी म्हणजे विष. मग मिठाचा डबा बदलला. पाकिटातलं 'केमिकलवालं' मीठ गेलं आणि गुलाबी शेंदेलोण आलं. सकाळी अनशापोटी धन्याचं पाणी सुरू झालं. केस गळत होते म्हणून बायोटिनच्या गोळ्या आल्या. डॉक्टरांनी दिलेली थायरॉईडची ५० ची गोळी मात्र चहाबरोबर, आणि तीही आठवली तर.

बंदी आली ती बहुतेक निरुपद्रवी गोष्टींवर. ज्यांनी खरोखर काही बिघडू शकतं त्या तीन गोष्टी, म्हणजे मीठ, बायोटिन आणि चहाबरोबरची गोळी, स्वयंपाकघरात राजरोस वावरत होत्या.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे सर्रास म्हणतात, 'माझा थायरॉईड वाढलाय.' रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला असतो हे खरं, पण तो थायरॉईडचा नसतो. थायरॉईड ही कंठमण्याच्या खाली बसलेली, फुलपाखराच्या आकाराची, जेमतेम वीस ग्रॅमची ग्रंथी. रक्तातलं आयोडीन उचलून ती मुख्यतः थायरॉक्सिन बनवते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणायचं. त्यातला एक अणू निघाला की टी-३ होतो, आणि पेशींमधलं बरंचसं काम तोच करतो. टीएसएच येतं वेगळ्या ठिकाणाहून, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून. हा मुकादमाचा आवाज समजा. गडी नीट काम करत असेल तर मुकादम हळू बोलतो, गडी मंदावला की तो ओरडायला लागतो. टीएसएच १४ म्हणजे मुकादमाचा आवाज चढलाय, थायरॉईड थकलाय. भारतातल्या आठ शहरांत, ज्यांत मुंबई आणि गोवाही होतं, झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात जवळपास ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉईड मंदावलेला आढळला. एवढे लोक असले की सल्ल्यांना तोटा कसा असेल?

आता कोबीकडे येऊ, कारण त्याच्यावरचा आळ अगदीच हवेतून आलेला नाही.

१९२८ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ॲलन चेस्नी आणि त्यांचे सहकारी सशांवर प्रयोग करत होते. विषय होता सिफिलिस. थायरॉईडशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण सशांचे गळे सुजायला लागले. शोध घेतला तेव्हा कळलं की त्यांना महिनोन् महिने मुख्यतः कोबीच खायला घातला जात होता. गलगंड होण्याचं कारण कोबीत होतं, आणि पुढच्या प्रयोगांत हेही दिसलं की सशांना थोडं आयोडीन दिलं की तोच कोबी त्यांना बाधत नाही. या कथेतला पहिला अर्धा भाग जगभर फिरला. दुसरा बाल्टिमोरमध्येच राहिला.

कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल ही सगळी मोहरीच्या कुळातली. या कुळाच्या झाडांत ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगं असतात आणि त्यांच्या शेजारीच, पण वेगळ्या कप्प्यात, ती फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पान चावलं, चिरलं की दोघांची गाठ पडते आणि तिखट रसायनं तयार होतात. मोहरी फेसली की नाकात जो झणका जातो, तो याच रसायनशास्त्राचा. किड्यांना पळवून लावायची ही झाडाची युक्ती आहे. यातून बनणारी काही द्रव्यं थायरॉईडच्या कामात खोडा घालतात. थायोसायनेट आयोडीनला ग्रंथीच्या दारातच अडवतं, तर गॉयट्रिन आत गेलेल्या आयोडीनला हार्मोनमध्ये गुंफू देत नाही. यंत्रणा अशी आहे खरी, पण भाजी शिजली की ते विकर उष्णतेने निकामी होतं आणि ही द्रव्यं फारच कमी बनतात. आणि कोबीची भाजी कच्ची खाणारं मराठी घर मी अजून पाहिलेलं नाही. कोशिंबीर करतात, पण ती वाटीभर.

वाटीभर आणि पोतंभर यातला फरक किती असतो, हे २०१० साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या घटनेवरून कळतं. ८८ वर्षांच्या एक आजी अगदी गळून गेलेल्या अवस्थेत रुग्णालयात आल्या. थायरॉईड इतका मंदावलेला की जिवावर बेतलं होतं. मधुमेह आटोक्यात येईल या आशेने त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो बॉक चॉय, म्हणजे चिनी कोबीचा एक प्रकार, कच्चा खात होत्या. तोही घरगुती उपायच होता.

आणि याच न्यायाने जायचं, तर बाजरी या बंदीतून कशी वाचली? सुदानच्या दारफुर भागात गलगंडाचं प्रमाण एवढं का, याचा शोध घेताना बाजरीतली काही द्रव्यं थायरॉईडचं काम अडवतात असं १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या कसाव्यातूनही शरीरात थायोसायनेट तयार होतं, आणि आफ्रिकेत जिथे हा कंदच मुख्य अन्न आहे तिथे त्याचा गलगंडाशी संबंध जोडला गेला आहे. हे वाचून कोणी भाकरी आणि खिचडी बंद करू नये, म्हणून घाईने पुढचं सांगतो. या लोकांच्या ताटात दिवसरात्र तेवढंच धान्य किंवा तेवढाच कंद होता आणि त्यांच्या अन्नपाण्यात आयोडीन जवळजवळ नव्हतं. हे दोन्ही जुळून आलं तेव्हा गळे सुजले. आपल्या बाजरीच्या भाकरीच्या बाजूला डाळ असते, भाजी असते, आणि चिमूटभर आयोडीनयुक्त मीठ असतं. निदान मावशीने डबा बदलेपर्यंत तरी होतं.

मिठाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण खरं नुकसान इथे आहे.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. हिशेब केला तर सत्तर वर्षांच्या आयुष्यात चार ग्रॅमही होत नाही, म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही. पण ते शरीरात फार साठत नाही, त्यामुळे रोज थोडं थोडं पोटात जावं लागतं. जमिनीतलं आयोडीन पावसाने आणि हिमनद्यांनी धुऊन समुद्राकडे नेलं, म्हणून डोंगराळ प्रदेशांत गलगंड पिढ्यान् पिढ्या होता. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात एक साधा पण जबरदस्त प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवलं, एकात साधं. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या विभागांतला मुलांचा गलगंड झपाट्याने ओसरला. त्या जोरावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आली, २००० मध्ये ती उठवली गेली, आणि २००६ पासून पुन्हा लागू झाली. ग्राहकाच्या हातात पडताना किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन, असा दंडक आहे. 'केमिकल' म्हणतात ते एवढंच.

शेंदेलोण जुनं आहे, आयुर्वेदात मानाचं आहे, आणि नावातच सिंधू आहे. बाजारातलं गुलाबी मीठ २०२५ पर्यंत बहुतेक आजच्या पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून यायचं. गुलाबी रंग लोहाच्या संयुगांचा. ८४ खनिजं असतात म्हणे. असतील, पण जवळपास सगळा खडा सोडियम क्लोराइडचाच आहे, आणि उरलेली इतकी किंचित की त्यांच्या भरवशावर पोषण मिळवायचं तर रोज मूठभर मीठ खावं लागेल. आयोडीन त्यात नावापुरतंच.

'मग आमच्या मिठागरातलं खडेमीठ? समुद्रातलंच ना ते?' हा प्रश्न पेण-उरणकडच्या माणसाने विचारला तर रास्तच आहे. मासळीत आयोडीन असतं, मग मिठात का नसावं? पण एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन फक्त ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास. सगळंच्या सगळं मिठात उतरलं असं धरलं तरी पाच ग्रॅम मिठातून आठ-नऊ मायक्रोग्रॅमच मिळेल. हवं होतं १५०.

मावशीचा थायरॉईड आयोडीनअभावी मंदावला नव्हताच. तिला हाशिमोटो आहे. १९१२ मध्ये जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोटो यांनी वर्णन केलेल्या या आजारात आपलीच रोगप्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटते. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या समाजांत थायरॉईड मंदावण्याचं हेच मुख्य कारण असतं. म्हणजे मीठ बदलून तिचं फार काही गेलं नसतं. पण मिठाचा डबा एका माणसाचा नसतो. त्याच घरात माझी मावसवहिनी गरोदर होती. गर्भाच्या मेंदूची वाढ पहिल्या महिन्यांत आईच्या थायरॉक्सिनवर चालते, आणि त्या काळात आयोडीनची गरज दीडपटीच्या आसपास जाते. सासूच्या पथ्यासाठी सुनेचं आयोडीन तुटायचं.

उलट टोकाचा सल्लाही फिरतो, की थायरॉईड म्हणजे आयोडीनच कमी, म्हणून समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल किंवा आयोडीनचे थेंब घ्या. जास्त आयोडीन मिळालं की ग्रंथी काही काळ हार्मोन बनवणंच थांबवते, हे १९४८ पासून माहीत आहे. निरोगी माणसात ती काही दिवसांत सावरते, हाशिमोटोवाल्यांत अनेकदा सावरत नाही.

धन्याच्या पाण्याने काही बिघडत नाही, तहान भागते. पण 'त्याने माझा टीएसएच उतरला' असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. टीएसएच दिवसभरात हलतो. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. एक तपासणी सकाळी सातला आणि पुढची दुपारी दोनला केली, तर मधल्या महिन्यात प्यायलेल्या काढ्याला फुकटचं श्रेय मिळतं. शिवाय टीएसएच किंचितच वाढलेला असेल, तर पुष्कळांचा काहीही न करता पुन्हा जागेवर येतो. म्हणून डॉक्टर अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. त्या दोन-तीन महिन्यांत घरोघरी उपाय सुरू होतात.

मावशीच्या बाबतीत तर रिपोर्टच फसवा निघाला. दोन वर्षांपूर्वी टीएसएच एकदम शून्याच्या जवळ आला, टी-४ चढलेला. कागदावर थायरॉईड उधळलेला होता. घरात धन्याच्या पाण्याचा जयजयकार झाला आणि तिने गोळी बंद करून टाकली. डॉक्टरीणबाईंनी मात्र तिच्याकडे नीट पाहिलं. कातडी कोरडी, आवाज जड, नाडी मंद. मग त्यांनी विचारलं, 'केसांसाठी काही घेता का?'

बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्व. रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅमची, आणि ती साध्या जेवणातून भागते. केसांच्या गोळीत मात्र बहुधा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या अडीचशे-तीनशे पट. एवढं शरीराला सहसा बाधत नाही, तपासणीला बाधतं. प्रयोगशाळेतल्या अनेक यंत्रांत हार्मोन पकडण्यासाठी बायोटिनचाच गळ वापरतात. रक्तात आधीच बायोटिन भरलेलं असलं की गळाच्या जागा तेच अडवून बसतं आणि आकडे उलटे येतात, टीएसएच खोटा कमी, टी-४ खोटा जास्त. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यासाठी होणारी ट्रोपोनिनची तपासणीही यात फसू शकते. थायरॉईड मंदावला की केस गळतात, केस गळतात म्हणून बायोटिन, आणि बायोटिनमुळे थायरॉईड बरा झाल्याचा रिपोर्ट! तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते थांबवावं लागतं. मावशीने आठवडाभर थांबवून पुन्हा रक्त दिलं तेव्हा टीएसएच १९ निघाला.

राहिली ती चहाबरोबरची गोळी. तिला लोक 'ॲलोपॅथीचं औषध' म्हणून भितात, 'एकदा लागली की जन्माची' म्हणतात. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं. पुढे जेमतेम ३३ ग्रॅम मिळवायला त्यांना डुकरांच्या तीन टन ग्रंथी लागल्या. १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं. आज बाटलीतून येतो तो हाच रेणू, आपली ग्रंथी बनवते तसाच, अणूला अणू. पण तो आतड्यातून शोषला जाताना हट्टी आहे. कॉफी, कॅल्शियम, लोह, सोया हे सगळे त्याला अडवतात. म्हणून तो उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचा, मग अर्धा-पाऊण तास काही नाही, चहासुद्धा नाही. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी. टी-४ चं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे डोस बदलला की टीएसएच स्थिरावायला सहा-आठ आठवडे जातात. चार दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडण्याइतका तो झटपट नाही.

मावशी आता पाच वाजता उठून गोळी घेते आणि सहापर्यंत चहाच्या आधणाकडे बघत बसते. आयोडीनचं मीठ परत आलं, शेंदेलोण एकादशीपुरतं उरलं. गेल्या वेळी टीएसएच ३.१ होता, म्हणजे जागेवर. 'आता फ्लॉवर खायला हरकत नाही,' असं मी तिला उत्साहाने सांगायला गेलो, तर म्हणाली, 'राहू दे. मला तो मुळातच आवडत नव्हता.'